मधली टाळी

सौंदड, ११ ऑगस्ट
सकाळी स्वातीच्या मोबाइलवर तिच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम आला. पुढच्या महिन्यापासून मुंबईत मैफली सुरू. "वाचा बाबा," म्हणाली, फोन माझ्या हातात दिला आणि भांडी घासायला गेली. सगळी अवघड परदेशी नावं. एक मात्र ओळखीचं निघालं. स्वातीच्या आईनं, शांतानं, मध्येच टाळी वाजवली होती, ती रचना.
शांता वैशाखात गेली. तेव्हा आलेली पोर परत मुंबईला गेलीच नाही. व्हायोलिनची पेटी धानाच्या कोठीवर ठेवली आहे, बंद. ऑर्केस्ट्रातल्या आपल्या खुर्चीवर बसणार की नाही, ते सतरा तारखेपर्यंत कळवायचं. नाहीतर ती दुसरं कोणी घेणार.
मी फोन खाली ठेवला. बोलायला हवं होतं बहुतेक.

१३ ऑगस्ट
शेजारची देवकाबाई कुंपणावरून, "गुर्जी, पोरगी काऊन बसून राहिली घरी?"
म्हटलं, तिचा सीझन सुरू व्हायचा आहे.
"कोन्ता सीझन? धानाचा रोवना तं झाला."
"ऑर्केस्ट्राचा."
"मंग आपल्या मंडईच्या जत्रेले आना ना जी. दोन-चार गाने म्हनंल. हासंल तरी जराशी."
मी हसलो. स्वा. आत ऐकत होती. हसली नाही.
शांता असती तर देवकाबाईला तासभर समजावलं असतं, तेही सगळं चुकीचं. तिच्या लेखी ते मोठं भजनी मंडळ. "गानारा तेवढा आनाले विसरले," म्हणायची.

१४ ऑगस्ट
आज दिवसभर मुंबईचं ते सभागृह डोळ्यांपुढे. दोन वर्षांपूर्वी स्वातीला ऐकायला गेलो होतो दोघं, मी आणि शांता. हिनं लग्नातलं लुगडं नेसलेलं. वाजता वाजता सगळे एकदम थांबले. अशी शांतता, की छतावरून कबूतर उडालं असतं तरी कळलं असतं. आणि हिनं टाळी वाजवली.
शाळेत रीतच होती माझी. कवितेचं एक कडवं चालीवर म्हणून झालं की वर्गानं टाळी द्यायची, मग पुढचं. शाळेला लागून आमची खोली. शांता चुलीपाशी बसून तिकडून टाळी द्यायची. छोटी स्वाती व्हरांड्यात. तोच हात तो.
पण तिथं सगळं वाजून संपेपर्यंत टाळी द्यायची नसते. एकटीचीच टाळी. पुढच्या रांगेतली डोकी वळली. स्टेजवर स्वातीनं मान खाली घातली. मग हिनं हात पदराखाली घेतले ते घेतलेच. शेवटी सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं, हिचे हात आतच.
परतीच्या गाडीत म्हणाली, "कडवं सरलं, मले वाटलं आता टाळी. लाज आनली जी मी पोरीले."
मी म्हटलं, असू दे गं. एवढंच.
पुढे स्वा. बोलवायची, तर कधी धान, कधी गुडघे. गेली नाही ती नाहीच.

१६ ऑगस्ट
जेवताना विचारलं शेवटी. आईच्या त्या टाळीनं तुला...
"लाज?" घास ताटात ठेवला तिनं. "बाबा, मी हसू दाबत होती. शाळेच्या व्हरांड्यात बसली आहे असं वाटलं मले."
मुंबईची भाषा गळून पडली होती.
"तेव्हापासून ते वाजवताना ती जागा आली की मी वाट पाहायची. आई इथं सौंदडात आहे, माहीत असून. आता ती जागा येईल, सगळे थांबतील, आणि..." मग म्हणाली, "तिला लाज वाटली होती का हो?"
मी भात कालवत राहिलो. नाही म्हटलं.
एकीला वाटलं लाज आणली, दुसरी हसू दाबत होती. आणि मी दोघींच्या मध्ये बसलेला, कविता शिकवणारा माणूस. एक वाक्य इकडचं तिकडे नेलं नाही. शांते, आता कुठं येऊन सांगू तुला.

१७ ऑगस्ट
दुपारी कोठीच्या खोलीत पेटीच्या कड्या वाजल्या. मी ओसरीवर सुपारी कातरत होतो. अडकित्ता खाली ठेवला.
तारा जुळवल्या तिनं. आधी बोटं अडखळली, मग वाजू लागलं. तेच. बाकीची मंडळी नाहीत, म्हणून मध्ये मध्ये नुसत्या रिकाम्या जागा. देवकाबाई कुंपणाशी येऊन उभी, हातात सूप. पाखडायचं विसरली.
मग ती जागा आली. स्वा. थांबली. पुढचं सुरू करेना.
कळलं मला. दोन्ही हात उचलले, छातीपर्यंत आणले. पुढे नेववेनात. तिची टाळी मी कुठून आणू.
देवकाबाई हळूच म्हणाली, "झालं का जी?"
"कडवं झालं," म्हटलं, आत ऐकू जाईल असं. "कविता राहिली आहे."
कान देऊन बसलो. पेटी मिटल्याचा आवाजही नाही.
दिवेलागण झाली. फोन देव्हाऱ्यापाशी पडला आहे. मुदत आजची. अजून कळवलं नाही तिनं.