याला अर्थ नाय

६ मे

नाव घातलं! मूलभूत इलेक्ट्रॉनिक्स, तीन महिने, पेणच्या एसटी स्टँडमागचा हॉल. दिवसा पोपटशेठच्या कारखान्यात गणपती रंगवायचे, संध्याकाळी वीज शिकायची. आईला गावी, गागोद्याला फोन केला तर म्हणाली, "विजेचं काय शिकायचंय गो? बटन दाबलं की लाईट लागते." बरं!

शिकवणारे विराज सर रोह्याहून येतात. कोर्स संपला की ते दोघांची नावं तिकडच्या एका कंपनीत पाठवणार, ट्रेनी म्हणून. सरांची सही असल्याशिवाय कंपनी दारात उभं करत नाही. त्या दोनातलं एक नाव माझं. जन्मभर उंदरांना सोनेरी रंग द्यायला मी जन्मले नाही.

९ मे

आज फेज आणि न्यूट्रल. एका तारेने वीज येते, दुसरीने परत जाते. तारेवरचा कावळा मरत नाही, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. हे मला इतक्या वर्षांत कुणी का नाही सांगितलं!

सर शिकवतात झकास. जीभ मात्र कात्री. पुढच्या बाकावरचा नितेश जरा अडखळत बोलतो, त्याला म्हणाले, "तुझं लूज कनेक्शन आहे रे." सगळे हसले. मीपण हसले. जरा जास्तच.

२० मे

एलईडी. लांब पाय प्लसला. उलटा लावला तर पेटत नाही, एवढंच. माझा पहिल्या फटक्यात पेटला – लाल! जनीचा उलटा लागला. जनी माझ्याच कारखान्यात रंगवते, माझ्यामुळे क्लासला आली. तिला दाखवलं नाही. शोधू दे की.

३ जून

मरावंसं वाटतंय.

काल चाचणीत प्रश्न होता – "आकृतीत अर्थ कुठे आहे ते दाखवा." जमिनीत जाणाऱ्या तारेला आमच्याकडे सगळे अर्थिंग म्हणतात! नुसतं 'अर्थ' वाचलं आणि मला वाटलं, मराठीच्या पेपरातला अर्थ. लिहून टाकला चार ओळींत. आज सरांनी तो मोठ्याने वाचला, भाषणाच्या सुरात – "वीज ही माणसाची मैत्रीण आहे, असा या आकृतीचा अर्थ आहे." वर्ग फुटला. सर थांबेचनात. "गागोद्यात विजेचे खांब आले, उजेड पडायचा राहिला. सुरभी, आजपासून तू अर्थशास्त्री!"

नितेश सगळ्यांत जोरात हसला. न अडखळता.

११ जून

आता फ्यूज उडाला, पेन चाललं नाही, चहात साखर कमी पडली – कुणीतरी म्हणतंच, "याला काय अर्थ हाय?" आणि सगळे माझ्याकडे बघून खिदळतात. सरसुद्धा. जनीने हा विनोद कारखान्यात नेला. आज पोपटशेठ मला म्हणाले, "काय अर्थशास्त्री, रंग झाला का?"

१२ जून

हसतील त्यांचे दात दिसतील.

२५ जून

आज तोच धडा. अर्थ! यंत्राचं लोखंडी अंग तारेने जमिनीला जोडायचं. प्लगची तिसरी, जाडी पिन त्याचसाठी. आतली तार सुटून अंगाला लागली तर वीज त्या तारेतून जमिनीत उतरते. तार नसली तर अंगातच थांबते, कुणी हात लावायची वाट बघत. कोरड्या पाटावर बसलेल्याला नुसत्या मुंग्या येतात. "पण अनवाणी पाय, ओली जमीन," सर म्हणाले, "आणि डायरेक्ट स्वर्ग. लिहून घ्या, अर्थशास्त्री."

घेतलं लिहून.

८ जुलै

क्लास सुटल्यावर थांबून विचारलं. दुसऱ्या चाचणीत मी वर्गात पहिली आहे, कंपनीला माझं नाव जाईल ना? सरांनी बॅगेची चेन लावता लावता सांगितलं, "मार्कांचं काय घेऊन बसलीस? तिथे इंजिनीअर लोकांत उभं राहायचं असतं. मला तोंडघशी पाडशील. तू आपली गणपती रंगव, ते हसत नाहीत."

रडले नाही. एसटीत खिडकीचा दांडा घट्ट धरून बसले.

मला हा माणूस लोळताना बघायचाय.

२१ जुलै

परवा आमचा क्लास कारखान्यात येणार. मूर्तीच्या मागच्या प्रभावळीत एलईडी कसे बसवायचे ते सर दाखवणार. पोपटशेठनेच बोलावलंय.

आज नवीन टेस्टर घेऊन सगळीकडे लावत फिरले. पाऊस लागल्यापासून रंग मारायच्या कंप्रेसरला हात लावला की मुंग्या येतात, असं बायका म्हणतातच. त्याच्या टाकीला टेस्टर टेकवला – आतला दिवा लागला! भकभकीत. प्लग काढून बघितला. जुन्या बोर्डात बसेना म्हणून कुणीतरी तिसरी पिन कापून टाकलीय.

आम्ही गोणपाट टाकून फळीवर बसतो, म्हणून वाचतो. पण कारखान्यात चपला चालत नाहीत, पोपटशेठच्या वडिलांपासूनचा नियम आहे, पाहुणा असला तरी. म्हणजे सर अनवाणी येणार. आणि कंप्रेसरपुढची जमीन शाडूच्या पाण्याने कायम ओली.

सांगायला हवं. उद्या सांगते पोपटशेठना.

२२ जुलै

नाही सांगितलं.

२३ जुलै

झालं.

सर आले, दारात चपला काढल्या, पँट जरा वर दुमडली. प्रभावळ दाखवायला जागा पुरेना. कंप्रेसर सुरू होता. म्हणाले, "हा डबा आधी बाजूला घेऊ." हात पुढे केला.

तेव्हा मी बोलले. बोलले! "सर, याला काही अर्थ नाय हां!" अगदी क्लासमध्ये म्हणतात तशी, मान वाकडी करून, हसत. मला माहीत होतं काय होणार. सगळे फुटले. सर तर मागे वळून हसले, "आल्या, अर्थशास्त्री आल्या!" आणि हसता हसताच दोन्ही हातांनी टाकी धरली.

हसणं तसंच चेहऱ्यावर राहिलं. आवाज नाही. आधी वाटलं चेष्टा करतायत. मग जनी किंचाळली, "चिकटलं गो, चिकटलं!" प्लग माझ्या हाताशी होता. मीच ओढला. लगेच ओढला का? लगेचच म्हणायचं. पडताना त्यांचं डोकं ओट्यावर आपटलं. दोन मूर्ती फुटल्या.

२५ जुलै

सर जिवंत आहेत. उजव्या हाताची बोटं जळलीत, वाकत नाहीत. डॉक्टर म्हणाले, सोल्डरिंगचं विसरा.

आणि मी? माझं कौतुक! "पोरीने सांगितलं व्हतं. मास्तरच हसला." "तिनेच पिन ओढली, नायतर गेला व्हता." पोपटशेठनी नवा बोर्ड बसवला आणि सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवला. नितेश येऊन म्हणाला, "म-माफ कर, सुरभी. मी पण हसलो." आता मला कुणी अर्थशास्त्री म्हणत नाही. सुरभीताई म्हणतात!

झोप छान लागते. हे लिहायला नको, पण लागते.

१० ऑगस्ट

क्लास चालवणाऱ्या संस्थेच्या ऑफिसातून फोन. कंपनीला पहिलं नाव माझं पाठवायचं ठरलंय, "इतकी जागरूक मुलगी" म्हणून. फक्त सरांची सही हवी. रोह्याला जाऊन घ्या म्हणाले.

१४ ऑगस्ट

गेले. सरांच्या बायकोने चहा दिला, माझे हात हातात धरले, "तू होतीस म्हणून हे आहेत गं." आणि रडल्या. त्या आत गेल्यावर सरांनी डाव्या हाताने सही केली. बराच वेळ लागला.

कागद पुढे करून म्हणाले, "तुला आधीपासून माहीत होतं ना?"

सहीची शाई वाळली का, ते मी बघितलं.

"कुणाला सांगणार नाही मी. सांगितलं तर विचारतील, पोरीने असं का केलं."

मी कागद घेतला.