शिंपले फोडाचे का नाई?

अहो पल्लवीचे बाबा,

दंडवत. तुमाले पत्र लिहून राहिले, कारण हे विचाराले दुसरं कोणी नाई मले. परवा तुमाले मोत्याच्या शेतीचं ट्रेनिंग देणाऱ्या त्या सरांचा फोन आला. आधी पाच मिनिटं तुमचीच आठवण काढली त्याईनं, अन् मंग म्हणाले, "वहिनी, तळ्यात शिंपले सोडून दीड वर्ष होत आलं. गुरुवारी येतो. शिंपले फोडून घेऊ." मी म्हटलं, या ना. अन् सहज विचारलं, "मोती काढल्यावर शिंपले परत तळ्यात सोडाले किती वेळ लागन?"

सर हळूच म्हणाले, "परत? वहिनी, ते मरतात ना."

अहो, मरतात? मंग तुमी मले काय सांगतलं होतं?

मले तर शब्द न् शब्द आठवते. आपलं घर महानुभावाचं, दोघांनीही उपदेश घेतलेला. घरात कधी अंडं आलं नाई. पावसाळ्यात वाटेतली गोगलगायही मी पानावर उचलून बाजूले ठेवते, अन् तुमी हसता. अन् त्याच घरी एक दिवस तुमी ओल्या पोत्यांत शिंपले भरून आणले! मी दारात आडवी उभी राहिले. "जीव आहे ना याईत?" तुमी म्हणाले, "आहे." "मंग नाई," मी म्हटलं. तर तुमी पोतं खाली ठेवलं अन् मले समजावलं, "अवं, म्हशीचं दूध काढतो का नाई आपण? म्हैस मरते का? तसाच मोती काढाचा अन् शिंपला पाण्यात सोडाचा."

इतकं सोपं करून सांगतलं तुमी, अन् मी बाजूले झाले.

मंग ओसरीत टेबल मांडून तुमी अन् पल्लवी बसले. शिंपल्याचं तोंड नखाएवढं उघडाचं, आत मणी सरकवाचा, औषधाच्या पाण्यात ठेवाचा. मी पाणी बदलून देत होते. तुमी सांगून राहिले होते, की तो मणी त्याले आत टोचते, बाहेर टाकता येत नाई, म्हणून तो आपल्याच अंगातला रस त्याच्यावर चढवते. थरावर थर, थरावर थर, अन् झाला मोती. मी म्हटलं, "म्हणजे आपण मुद्दाम टोचून राहिलो त्याले?" तर तुमी वैतागले, "तू लय विचारतं बाप्पा!"

विचारलं म्हणून काय झालं? तेव्हाच अजून खोदून विचाराले पाहिजे होतं!

आता बसल्या बसल्या एकेक गोष्ट उलगडते. त्या दिवशी शिंपले तळ्यात टांगाले जाळ्या विणता विणता तुमी जुन्या काळच्या मोत्यांचं सांगत होते. राजे-रजवाडे छातीभर मोत्याच्या माळा घालत. त्याईच्यापायी गरीब माणसं पायाले दगड बांधून समुद्रात उतरत, दम कोंडून तळाचे शिंपले खुडून आणत. शेकडो फोडावे तेव्हा एखाद्यात चांगला मोती निघे. म्हणून तो इतका महाग, म्हणून त्याचा एवढा मान. मी विचारलं, "अन् मंग त्या शेकडो शिंपल्याईचं काय?" तुमी माह्याकडं पाहिलं, मधेच थांबले अन् म्हणाले, "ते समुद्राचे होते. आपले गोड्या पाण्याचे आहेत. चाय ठेव बरं जरा."

मी चाय ठेवाले गेले! अशी कशी मी येडी? गोड्या पाण्यातला जीव काय जीव नाई?

पण मंग वाटते, तुमाले कोणत्या तोंडानं बोलू? लग्नात माह्या आईनं नथ घातली. सात मोती होते तिले. किती मिरवली मी ती! कोणाच्या पोटातून निघाले हे सात, असं एका दिवशी तरी विचारलं का मी? अंडं चालत नव्हतं अन् नथ चालत होती. खरं सांगते, मले काहीच सुधरून नाई राहिलं.

तुमी पोळ्यानंतर गेले. कपाशीत उभे होते अन् बसले ते उठलेच नाई. दहा दिवस मी तळ्याकडं फिरकले नाई. अकराव्या दिवशी गेले तर पाणी फिक्कं पडलेलं. तुमी करत होते तसंच शेण कालवून टाकलं, चार दिवसांनी पाणी हिरवं झालं, शिंपल्याईले खाणं मिळालं. तवापासून रोज जाते. मले पोहता येत नाई, म्हणून काठावरूनच दोर ओढते, एकेक जाळी वर घेते. ज्याचं तोंड उघडं पडलं तो मेला, त्याले काढून लिंबाखाली पुरते. बाकीच्याईले परत सोडते. त्याईच्याशी बोलते पण! हसू नका. पल्लवी नांदगाव पेठच्या कपड्याच्या कारखान्यात, राहते अमरावतीले, येते रविवारी. मंग मी बोलू कोणाशी?

सात महिने मी ज्याईले जपलं, ते गुरुवारी फोडाचे?

फोन झाल्यावर मी तुमची ती ट्रेनिंगची वही काढली. म्हटलं, पाहू तरी, तुमाले माहीत होतं का नाई. तुमचं अक्षर म्हणजे मुंगीची रांग. शिंपले कसे निवडाचे, आहे. मणी कसा टाकाचा, आहे. पाणी कसं राखाचं, आहे. अन् त्याच्यापुढं एकदम मोती कसे धुवाचे अन् कोणाले दाखवाचे! मोती काढाचे कसे, ते मधलं पान कुठं गेलं? शिलाईजवळ फाटकी कड तेवढी राहिली. जुन्या कॅलेंडरचा कागद फाडतानाही तुमी दहादा विचार करता, अन् वहीचं पान फाडता?

काल पल्लवी सुट्टी टाकून आली. मी वही तिच्यापुढं ठेवली. ती वहीकडं पाहेच ना. मी म्हटलं, "पोरी, मले सगळं माहीत झालं आहे. आता तूही लबाड बोलू नको." तशी ती रडाले लागली.

"आई, बाबाईले सुरुवातीले खरंच माहीत नव्हतं असं ते म्हणत. मणी टाकून झाल्यावर त्याईनं सरांले फोनवर विचारलं, तवा समजलं. दोन दिवस जेवले नाई नीट."

आठवते मले ते दोन दिवस. मी भाजीले नावं ठेवली होती स्वतःच्याच.

"मंग पान?" मी म्हटलं. "ट्रेनिंग तर आधी झालं होतं. वहीत लिहिलं तवा माहीत नसन का?"

"मले नाई माहीत, आई. खरंच नाई माहीत."

मंग ती मले तळ्यावर घेऊन गेली. पार कोपऱ्यातली ती छोटी जाळी, जिले मी वाया गेलेली समजत होते, ती तिनं ओढली. आत एकच शिंपला. ती म्हणाली, "आई, तू मामाकडं अकोल्याले बारशाले गेली होती ना, तवा बाबाईनं पहिल्या खेपेचे बारा शिंपले काढले. न मारता मोती काढता येते का, ते पाहाले. एकेकाले अर्धा अर्धा तास लावला. मोती तर कच्चेच निघाले, पण सगळे शिंपले परत सोडले. अकरा मेले. हा राहिला."

मी तो हातात घेतला. चांगला जड होता, तोंड घट्ट मिटलेलं.

म्हणजे तुमी माह्याशी लबाड बोलले, अन् मंग ते लबाड खरं करून दाखवाले बसले? अन् त्याच्यापायी अजून अकरा मारले? अहो, यावर मी रागावू का हसू? पल्लवी सांगते, शिंपले फोडाच्या दिवशीही तुमी मले अकोल्याले धाडणार होते, म्हणजे पाप तुमच्या एकट्याच्या माथी. कोणी सांगतलं होतं एकट्यानं घ्याले? एकतीस वर्षं संसार केला, अन् तुमाले माह्याजवळ बसून एवढं म्हणता आलं नाई, की "सुमन, माही चूक झाली, आता काय करू सांग"? मी काय वाघ होते?

का होते? तेही खरं सांगून टाका एकदा.

पल्लवीचं म्हणणं, फोडाले पाहिजे. "बाबा पावसात भिजले यांच्यापायी. वाया जाऊ देऊ का?" तिचंही खोटं नाई. मी म्हटलं, "अन् नाई फोडले तर?" ती म्हणे, "तर काय, म्हातारे होऊन मरतील आपोआप. मोती राहीन आतच."

रात्रभर तेच डोक्यात. आज सकाळी दोर ओढला, तर तिसऱ्या जाळीत एकाचं तोंड उघडं होतं. नेहमीसारखा पुराले घेतला, अन् आत काही तरी चमकलं. आजवर मी एकाच्याही आत पाहिलं नव्हतं. हिंमतच झाली नाई. आज बोट घातलं. मोती निघाला! वाटाण्याएवढा, एका बाजूनं चपटा, गुलाबी झाक असलेला. कोणी मारलं नव्हतं त्याले. मी तशीच उभी राहिले अन् तुमी बसत त्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीकडं तोंड करून जोरात ओरडले, "अहो, या बरं लवकर! निघाला!"

पल्लवी धावत आली. मी मोती तिच्या तळहातावर ठेवला.

सरांले मी फोन करून सांगतलं, गुरुवारी येऊ नका. पल्लवी फुगून बसली आहे, फुगू द्या. हे बरोबर का चूक, ते मले अजूनही समजत नाई. पण एक शब्द देते तुमाले. आपल्या तळ्यातला एकही शिंपला कोणी फोडणार नाई. जो आपल्या मौतीनं मरन, त्याचाच मोती घेईन. माह्या हयातीत सगळे निघणार नाई, नाई तर नाई. अन् जो निघन, तो आधी तुमालेच हाक मारून दाखवीन. तुमी ओ नाई दिली तरी.

तुमची,
सुमन