लाल दोऱ्याची बाटली

दि. ३ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांनी पाठवलेलं खोकं पोचलं. बाटल्या शाबूत, बुचं घट्ट, मानेला नेहमीसारखा लाल दोरा. इथवर सगळं ठीक. पण तेलाचं बूच काढलं आणि मी मागेच सरलो. चक्क खवट! व्हिनेगर त्याच्याही वरताण. सफरचंदाचा मागमूस नाही, नखं रंगवायची बाटली उघडावी तसा भपका. वसतिगृहाच्या या स्वयंपाकघरात माझ्या हाताखालच्या कुणी असलं तेल कढईत ओतलं असतं, तर मी काय गहजब केला असता ते तुला ठाऊक आहे. ओरडण्याच्या बाबतीत मी आईवर गेलोय.

आता तू विचारशील, बाबांना काय कळवलंस? कळवलं की दोन्ही झकास. गेल्या खेपेलाही हेच कळवलं होतं, आणि तेव्हाही तेलाबद्दल मला शंका होतीच. काय करू? शिवणयंत्र विकल्यापासून त्यांचा सगळा जीव त्या मागच्या खोलीतल्या व्हिनेगरच्या बरण्यांत आणि घाण्यावरून निवडून आणलेल्या तेलात. त्यांनी हुंगून, चाखून दोरा बांधल्याशिवाय घरातून बाटली बाहेर पडत नाही, हे अख्ख्या गल्लीला माहीत. अशा माणसाला कोण लिहील की तुमचं तेल खवट आहे म्हणून? तू सांग हवं तर. तू मोठी आहेस.

पण एकदा त्या खोलीत डोकावून ये. आणि माझं नाव मध्ये आणू नकोस.

लोभ आहेच, तो तेलाच्या वाटेनं जाऊ नये.

तुझा,
गोटू


दि. ११ ऑक्टोबर

चि. गोटूस,
अनेक आशीर्वाद.

मी मोठी आहे हे तुला बरं सोयीनं आठवतं. लहानपणी खाऊतला मोठा वाटा उचलताना कधी आठवलं नाही.

शाळेतल्या परीक्षांच्या रगाड्यात मी बरेच दिवस मागच्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. तुझं पत्र वाचून गेले. तोंडाला पांढरं फडकं बांधलेल्या तीन बरण्या. डावी आणि उजवी ठीक, मधली मात्र तू म्हणतोस तशीच. फडकं सोडलं आणि डोळ्यांत पाणी आलं. आणि त्याच सकाळी बाबा तिच्यावर वाकले होते, मान डोलावली होती, आणि महिनाअखेरीस बाटल्या भरायला घेऊ म्हणाले होते.

त्या दुपारी दूध करपलं. मी अंगणातून नाक दाबून धावत आले, तर बाबा शेगडीपासून हातभर अंतरावर निवांत पेपर वाचताहेत. वर मलाच विचारतात, काय गं, धावतेस कशाला? तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. बिजागऱ्यांना घालायला ठेवलेलं जुनं तेल एका वाटीत घेतलं, ताजं दुसऱ्या वाटीत, आणि म्हटलं यातलं कुठलं वापरू? त्यांनी नेहमीसारखा मनगटाच्या मागच्या बाजूला थेंब घेतला, डोळे मिटले, चाखलं. दोन्ही उत्तम म्हणाले. गोटू, बाबांना वास येत नाही. आंबट किती ते जीभ सांगते, बाकीचं ते नुसत्या सवयीनं बोलतात. मला रडू फुटलं. वाट्या धुवायच्या निमित्तानं आत गेले.

आता बरण्या भरल्या की वर्षाच्या बाटल्या गल्लीत, आत्याकडे, मावशीकडे जाणार, बाबांच्या दोऱ्यानिशी. एखादीनं जरी नाक मुरडून बाटली परत आणली, तर बाबा पुन्हा त्या खोलीची कडी काढायचे नाहीत. आपण सांगावं, तरी तेच. आई गेल्यावर ते भिंतीकडे तोंड करून बसायचे, ते मला पुन्हा बघायचं नाही. काय करायचं ते लगेच लिही, आणि थट्टा नको.

जेवण वेळेवर घेत जा. दुसऱ्यांना वाढणारे स्वतः उपाशी राहतात.

तुझी,
ताई


दि. १७ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. थट्टा करत नाही.

माझ्या मते सांगण्यात अर्थ नाही. बाबा दुपारी झोपले की मधली बरणी ओतून टाक, धुऊन घे, आणि डाव्या-उजव्यांतलं थोडं थोडं तिच्यात भर. ते येतील, वाकतील, मान डोलावतील, दोरा बांधतील. बाटल्या चांगल्या जातील आणि त्यांची खोली त्यांच्याकडे राहील. तेल आणायला घाण्यावर तू बरोबर जात जा, पिशवी धरायला म्हणून. आधी तू हुंग आणि खराब असेल तर खोकल्याचं सोंग कर. इकडून मी झकास लिहीत राहीन. फसवणूक म्हण हवं तर, पण कुणाचं काही बिघडत नाही.

असं करून टाक. तुझ्या हाताला यश आहे.

माझी आठवण काढत जा, शिव्या देण्यापुरती तरी.

तुझा,
गोटू


दि. २९ ऑक्टोबर

चि. गोटूस,
आशीर्वाद.

मी पत्र क्वचित लिहितो, तेव्हा नीट वाचावे.

व्हिनेगर मुरताना त्यावर साय धरते, तशी मधल्या बरणीत चांगली जाड धरली होती. परवा दुपारी मी झोपून उठलो, तर साय नाही. साय आपणहून उठून कुठे जात नाही. नाक गेले असले तरी डोळे अजून सुईत दोरा ओवतात. ताईला विचारले. ती आधी खोकली. मग सगळे सांगितले. तिला रागावू नये, तिला खोटे कधीच जमले नाही. तुला जमते.

माझे नाक गेल्या थंडीतल्या तापात गेले. डॉक्टर म्हणाले, आले तर येईल. मी कुणाला बोललो नाही. वास कळत नसताना दोरा बांधणे बरे नव्हे, हे मलाही कळत होते. पण मी विचार केला की घरात आणखी एक नाक आहे, आणि त्यावर त्याचे पोट चालते. म्हणून ज्या मालाची मला खात्री वाटेना, त्याची बाटली आधी तुला पाठवायचो. तू झकास लिहिलेस की बाकीच्यांना दोरा. गेल्या खेपेचे तेल तुझ्याच शब्दावर आत्याकडे गेले. तिने अजून अवाक्षर काढलेले नाही. दारांना घातले असावे. मधली बरणीही तुझ्या झकासमुळेच भरणार होतो.

नाक गेल्याचे मला वाईट वाटतेच, पण त्याला इलाज नाही. तू मला खरे सांगण्याच्या लायकीचा धरले नाहीस, याचे जास्त वाईट वाटले. लहान मुलाने रेघोट्या ओढाव्या आणि आपण वा वा म्हणावे, तसे झाले. मी तुझ्या शर्टाची बाही लांब झाली तर उसवून पुन्हा शिवत असे. छान दिसते असे म्हणून तुला तसेच शाळेत पाठवले नाही.

सोबत डाव्या बरणीतली एक बाटली आहे. तिला दोरा बांधलेला नाही. दोरा वेगळा, कागदात गुंडाळून ठेवला आहे. योग्य वाटले तर तू बांध.

ताई ठीक आहे. कळावे.

बाबा


दि. ६ नोव्हेंबर

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र पोचलं, बाटली पोचली. पत्र वाचून मी स्वयंपाकघरात न जाता आधी मागच्या पायरीवर जाऊन बसलो. मला लाज वाटली. ताईला मी लिहिलं होतं की कुणाचं काही बिघडत नाही. बिघडलं ते तुमचं, आणि मला ते दिसलं नाही. आत्याला मी स्वतः पत्र टाकतो. ते तेल मी पास केलं होतं, हे तिला कळायला हवं.

आता बाटलीबद्दल. सकाळी, काही खायच्या आधी उघडली. पहिला वास सफरचंदाचा आला, सालीसकट चिरलेल्या. हे स्वच्छ आहे, भपका नाही. मनगटावर घेऊन चाखलं. सुरुवातीला गोडसर, मग आंबट, आणि शेवटी घशाशी एक कडक टोक राहतं. थोडं सॅलडवर घातलं तर चाललं, पण काकडीची चव मागे पडली. माझ्या हाताखालच्या पोऱ्यांनाही दिलं. दोघांनी डोळे बारीक केले.

बाबा, माल चांगला आहे, पण तयार नाही. ते टोक जायला अजून पंधरा-वीस दिवस फडक्याखाली राहू द्या, आणि साय ढवळू नका. ताईलाही मोडू देऊ नका. उजव्या बरणीचं मला माहीत नाही, तिचं वेगळं पाठवा.

तुम्ही दिलेला दोरा मी बांधलेला नाही. बांधायचा मोह फार झाला, तुमचं अक्षर समोर होतं. दोरा माझ्या शर्टाच्या खिशात आहे. पंधरा-वीस दिवसांनी त्याच बरणीतली दुसरी बाटली पाठवा.

आपला,
गोटू