पंधराचे पाच

आई, गेल्या महिन्यात मी खांद्यात सुई घेतली. तुझ्या मनगटात दिली होती त्याच जातीची, स्टिरॉइडची. तू असतीस तर आधी विचारलं असतंस, खांद्याला काय धाड भरली म्हणून. वय झालं, शुगर निघाली, आणि खांदा आखडला. फळ्यावर वरच्या ओळी लिहिता येईनात, वेणी घालताना हात मागे जाईना, कुशीवर वळलं की कळ थेट कोपरापर्यंत. कोपरगावच्या हाडांच्या डॉक्टरांनी हात धरून वर-खाली, मागे-पुढे फिरवून पाहिला आणि म्हणाले, एक इंजेक्शन देऊ मॅडम, दुखणं कमी झालं की व्यायाम सुरू. मी खुर्चीवरून उठलेच. म्हटलं, गोळ्या द्या, व्यायाम सांगा, सुई नको. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, माझ्या आईचा अंगठा त्या सुईनं गेला. अठ्ठावीस वर्षं हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवलंय की ते तोंडातून आपोआप निघतं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "किती घेतल्या होत्या त्यांनी? आणि घेतल्यावर हाताला विश्रांती दिली होती का?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं. दुसऱ्याचं दिलं नाही. "विचार करून सांगते," असं मी म्हणाले आणि घरी आले.

तुझा हात दुखायला लागला तेव्हा वडिलांना जाऊन तीन वर्षं झाली होती. तू सकाळच्या जीपनं पुणतांब्याहून शिर्डीला जायचीस आणि एका हॉटेलच्या भटारखान्यात दिवसभर चपात्या लाटायचीस. मी एकदा तुझा विसरलेला डबा द्यायला आले होते. चपात्या लाटणाऱ्या तुम्ही तिघी ओट्याशी उभ्या होतात, मागे भट्टी, आणि आचारी नुसता "चपाती, चपाती" करत होता. गुरुवारी आणि सुट्टीच्या दिवसांत लाटणं खाली ठेवायला फुरसत नसायची. त्या वर्षी तुझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सूज आली. तांब्या उचलताना हातातून निसटायचा, धुणं पिळताना तू ओठ दाबून धरायचीस. शेवटी राहात्याच्या डॉक्टरांकडे गेलीस. त्यांनी तिथेच, शिरेच्या आवरणात, सुई दिली आणि कागदावर इंग्रजीत काहीतरी लिहून दिलं.

मला तो प्रसंग अजून समोर दिसतो. मी चुलीपुढे बसून पीठ मळते आहे. तू दारातूनच कागद पुढे करतेस. "काय लिव्हलंय गं? त्यो सांगत हुता, पन माझं ध्यान सुईकडं." मी पिठाचे हात पुसून कागद घेते. अक्षर डॉक्टरचंच आहे, पण आकडा स्वच्छ आहे. पंधरा दिवस हाताला पूर्ण विश्रांती. मी म्हणते, "पाच दिवस आराम करायचा." तू म्हणतेस, "पाच व्हय? पाच काडू की." आणि मी पुन्हा पीठ मळायला लागते.

त्याच्या आदल्याच दिवशी आचाऱ्यानं तुला बजावलं होतं, "बाई, तुमी येनार नसाल तर घरातलं मानूस पाठवा, न्हाई तर दुसरी बगतो." घरातलं माणूस म्हणजे मी. मी डी. एड.च्या दुसऱ्या वर्षाला होते, वार्षिक परीक्षेचे शिकवायचे पाठ तोंडावर आले होते. पाच दिवस कसेबसे निभावले असते, पंधरा नाही. हे कारण मी स्वतःला खूप वर्षं दिलं. दुसरंही एक होतं, आणि तेच मोठं होतं. वर्गातल्या मुली दर्शनाला आल्या की त्याच हॉटेलात जेवायच्या. मला त्यांनी भट्टीपाशी पाहिलेलं नको होतं. पाच दिवस मी तुझ्या जागी गेले, पदर डोक्यावरून ओढून घेऊन. सहाव्या दिवशी तू गेलीस.

आणि तू किती खुशीत होतीस! "सुई हाय का जादू! दुखतच न्हाई." शेजारणींना मनगट फिरवून दाखवायचीस. दुखायचं थांबलं म्हणजे आतलं बरं झालं असं नसतं, हे तेव्हा आपल्या दोघींनाही कळत नव्हतं. पण राहात्याच्या डॉक्टरांना कळत होतं, म्हणून तर त्यांनी लिहून दिलं होतं. दोन महिन्यांत दुखणं परत आलं. लाटणं सोडलं नाही म्हणून ते रागावतील, या भीतीनं तू त्यांच्याकडे गेलीच नाहीस. दुसऱ्याकडे गेलीस, मग तिसऱ्याकडे, आणि एकाकडे घेतलेली सुई दुसऱ्याला सांगितली नाहीस. वर्षात चार झाल्या. मनगटावर रुपयाएवढा पांढरा डाग पडला, तिथली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली. मग एके दुपारी, लाटणं हातात असतानाच, अंगठा खाली पडला तो वर येईना. घरी येऊन तू हात माझ्यापुढे धरलास आणि म्हणालीस, "आगं, ह्यो अंगठा माझं ऐकंना." अंगठा उचलणारी आतली शीर तुटली होती. त्यानंतर हॉटेलात तुला भाजी निवडायला बसवलं. चपाती तू परत कधी लाटली नाहीस, घरीसुद्धा.

पहिल्या पगारात मी तुला मनगटी घड्याळ आणलं. पट्टा मुद्दाम रुंद निवडला, डाग झाकला जावा म्हणून. तू ते डाव्या हातात बांधलंस. मी म्हटलं, उजव्यात बांध, डाग दिसणार नाही. तू माझ्यावर डोळे वटारलेस. "झाकायचा कशाला? म्या काय चोरी केलीया का?" मी स्वयंपाकघरातून उठून अंगणात गेले. तुला वाटलं, मला बोललेलं लागलं.

तू गेलीस त्यालाही आता सतरा वर्षं झाली. आणि तरीही मी काही बोलले नसते, पण गोष्ट माझ्या धाकट्या भावाच्या गुडघ्यावर आली. तो मोटारसायकलवरून पडला, त्याला दोन वर्षं झाली. हाड मोडलं नाही, पण सूज हटत नाही. उकिडवं बसता येत नाही म्हणून पालथ्या बादलीवर बसून गाईची धार काढतो. डॉक्टरांनी त्यालाही एकच सुई आणि मग व्यायाम सांगितला होता. तो म्हणतो, मी लंगडत मरेन पण सुई घेणार न्हाई, आईचं काय झालं ते म्या बगितलंय. त्यानं हात पाहिला होता. सुई हे कारण मात्र त्याला मी सांगितलं होतं.

म्हणून कोपरगावहून आल्यावर पहिल्याच रविवारी पुणतांब्याला गेले. तो ओसरीवर पाय लांब करून बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं. कागद, आकडा, आचारी, वर्गातल्या मुली. चार सुया झाल्या हेही सांगितलं, पण पहिल्या सुईनंतर हात थांबला असता तर पुढच्या कदाचित लागल्याच नसत्या, हेही. त्यानं चहाचा कप खाली ठेवला. म्हणाला, "ताई, मी नऊ वर्साचा हुतो. माझ्या शर्टाची बटनं लावाय लागली की तिच्या हातातनं सुटायची. मला वाटायचं, तिला माझा कट्टाळा आलाय." मी त्याच्याकडे बघू शकले नाही. "आनि ह्ये तू आत्ता सांगतीस?" एवढं म्हणून तो काठी घेऊन गोठ्यात गेला. मला रस्त्यापर्यंत सोडायला त्याची बायकोच आली.

पुढच्या आठवड्यात मी सुई घेतली. खांद्याच्या मागून देतात. आठवडाभर शुगर चढली, मी रोज मोजत राहिले. मग व्यायाम सुरू केले, भिंतीवरून बोटं चढवत वर न्यायची. आता फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत हात जातो. धाकट्याचा मात्र फोन नाही, मी केला तर उचलत नाही. ह्या वहीत मी तुला लिहायला लागले ते त्याच दिवसांत. हे कुठं पाठवायचं नाही, आणि पाठवता आलं असतं तरी दुसऱ्या कुणीतरी ते तुला वाचून दाखवावं लागलं असतं.

काल संध्याकाळी त्याचा फोन आला. कशी हायेस नाही, काही नाही. मागे गाय हंबरत होती. म्हणाला, "ताई, ती सुई लई दुखती का गं?"

मी म्हटलं, छे रे, मुंगी चावल्यासारखं होतं.

आई, दुखते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.