‘जातो’ म्हणून गेलेल्याचा हिस्सा

मी, खाली डाव्या अंगठ्याचा ठसा उठवणारी, वय एक्क्याऐंशीच्या आसपास, धंदा कपड्यांना इस्त्री करणे, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे; सुनेला शंका असल्यास तिने त्यांनाच विचारावे. मला अक्षरओळख नाही. मी सांगते, वकीलबाई लिहितात. माझे बोलणे त्यांनी फार सुधारायचे नाही, असे आमचे ठरले आहे.

१. कोळशाची मोठी इस्त्री आणि दुकानातले टेबल धाकट्या मुलाला द्यावे. कॉलर तो अजूनही मधून टोकाकडे दाबत नेतो आणि टोकाला चुणी पाडतो. टोकाकडून मध्ये ये, हे त्याला जन्मभर तोंडी सांगितले. आता लेखी सांगते.

२. मोठी कात्री सुनेला, धाकट्याच्या बायकोला. रिकामी कात्री वाजवली की घरात भांडण होते, असे माझ्या सासूबाई म्हणत. सून दिवसभर वाजवते. मात्र कात्री हरवली होती तेव्हाही भांडणे नीट चालू होती, म्हणून तिला वाजवू द्यावी.

३. सोन्याच्या दोन बांगड्या नातीला, म्हणजे धाकट्याच्या मुलीला. त्या आपल्या आहेत असे माझी जाऊ सांगत फिरते. तिच्या हातात त्या चढत नाहीत, यापरता पुरावा मला नको.

४. राहते घर, पुढच्या दुकानासह. याच कलमासाठी वकीलबाईंना बोलावले.

आमच्या घरात बाहेर पडताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. कोपऱ्यावर साबण आणायला निघाले तरी. मुलांचे वडील वारल्यावर दुकान कोणी चालवायचे यावरून दोघे भाऊ भांडले. थोरल्याने पिशवी उचलली, उंबऱ्यात थांबला आणि मुद्दाम, सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, “जातो.” त्यानंतर तो आला नाही. फोन येतो, तो नातीला.

परवा धाकटा म्हणाला, “आई, तो स्वतःच्या तोंडाने ‘जातो’ म्हणाला. जातो म्हणणारा परत येत नाही, हे तूच सांगतेस ना? मग घर माझ्या एकट्याच्या नावावर कर.”

“हे कुठून आलं, ठाऊक आहे का तुला?”

“कुठून?”

त्यालाच काय, गल्लीलाही ठाऊक नाही, आणि आमचे बघून अर्धी गल्ली ‘येतो’ म्हणायला लागली आहे. म्हणून येथे नोंद करते. माझे आजेसासरे एकदा ‘जातो’ म्हणून गेले. ते परत आले. दुसरी बायको घेऊन आले. त्या दिवसापासून आजेसासूबाईंनी घरात तो शब्द बंद केला. पुढच्यांना लाज वाटली, म्हणून त्यांनी गोष्टीतून बायको काढली आणि अपशकुन घातला. तेव्हा या घरात ‘जातो’ म्हटलेला माणूस परत येतो, एवढाच काय तो दाखला आहे.

हे मी सांगितले तेव्हा सून हसली. धाकटा हसला नाही.

सबब घर आणि दुकानाची जागा दोघा भावांची, निम्मी निम्मी. एकाच्या सहीशिवाय दुसऱ्याने विकू नये.

५. हे मृत्युपत्र दोघे भाऊ याच घरात समोरासमोर बसतील तेव्हाच वाचावे. फोनवर वाचू नये. थोरला आलेला नसेल तर धाकट्यालाही ऐकवू नये. थोरल्याला बोलावण्याचे काम धाकट्याचे. त्यासाठी माझ्या मरणाची वाट बघण्याचे कारण नाही. दोघे आधीच येऊन बसले तर वाचनाला मी स्वतः हजर राहीन, आणि कोणाला पटले नाही तर ऐकून घेईन.

हे शेवटचे कलम आज धाकट्याला तोंडी सांगितले. तो म्हणाला, “बघतो.”

मी म्हटले, “बघ. पण माझ्याकडे बघून ठरव, किती वेळ आहे ते.”

निशाणी : डाव्या अंगठ्याचा ठसा
साक्षीदार : समोरचे शिंपी (सही), डॉक्टर (सही). दोघांना यातले काही मिळणार नाही, म्हणूनच निवडले.
लिहिणार : वकीलबाई (सही)
ठिकाण : राहते घर, दुकानामागची खोली
दिनांक : १४ नोव्हेंबर २०१७