डाव्या पेटीची तार

कुंभकोणम, बुधवार, १२ ऑगस्ट १९५९

तुम्ही कॉलेजातून याल तेव्हा मी घरी नसेन. एकोजीदादाबरोबर तंजावरास कानाच्या डॉक्टरांकडे जाते आहे. संध्याकाळच्या गाडीने येऊ. सार-भात चुलीजवळ झाकून ठेवला आहे.

स्पीकरच्या पेट्या आता हलवू नका. भिंतीपासून हातभर पुढे ओढल्यात, माझ्या खुर्चीकडे किंचित वळवल्यात, दोरीने अंतर मोजलंत, ते सगळं बरोबरच असेल. रंगाभावजींनी लंडनहून पाठवलेली, दोन पेट्यांतून वेगवेगळा आवाज देणारी ती स्टिरिओ तबकडी लावून महिनाभर रोज विचारता, "गाणारी आता कुठे उभी आहे?" मी म्हणते, "मधोमध." तुम्हांस किती आनंद होतो.

ते खरं नव्हतं. पोंगलच्या वेळी ताप आला, तेव्हापासून माझ्या डाव्या कानाला काहीच ऐकू येत नाही. गाणं सगळं उजवीकडूनच येतं. आधी वाटलं, होईल बरं. मग तुम्ही पेट्या करून घेतल्यात, आणि सांगवेना.

काल डाव्या पेटीची तार सुटली होती, गाणं नुसतं उजव्या पेटीतूनच येत होतं. तरी मी "मधोमध" म्हणाले. तुम्ही वाकून तार जोडलीत आणि काही विचारलं नाहीत. म्हणून आज पहाटे दादाला निरोप धाडला.

मला रडू येत नाही. भीतीही फारशी वाटत नाही. डॉक्टर म्हणतील ते येऊन सांगेन.

रागावला असाल तर रागवा. पण जे काही बोलायचं, ते माझ्या उजव्या बाजूला बसून बोला.

शिवकामी