काकांची ठंडाई निर्दोष आहे

रामघाट, होळीची सकाळ

तीर्थरूप ढुंढिराजकाका,
साष्टांग नमस्कार.

उत्तेजक चाचणीत सापडून मी सायकल शर्यतींतून दोन वर्षं बाद झालो, तेव्हा तुम्ही घाटभर सांगत सुटलात, "अरे, पोरगा माझ्या हातची भांग प्यायला, तीच नडली!" मग भांगेचा पाटा आमच्या माळ्यावर टाकून मोकळे झालात. गल्ली मला अजून सुनावते, "हेरंब्या, तुझ्यापायी आमची होळी कोरडी!"

काका, तुमची ठंडाई निर्दोष आहे. मी इंजेक्शन घेतलं होतं, जाणूनबुजून. तुमची गोष्ट सोयीची होती, म्हणून गप्प राहिलो.

समोर बोलवेना म्हणून लिहायला बसलो. पण हे पाठवत नाही. पाटा डोक्यावर घेऊन स्वतःच येतो. आधी मला झोडा, मग भांग घोटा. पहिला पेला मलाच द्या, बंदी अजून वर्षभर आहे.

तुमचा लबाड पुतण्या,
हेरंब